बस कोणाला हवी?

"टाऊन म्हणतं रीजनला विचारा, रीजन म्हणतं टाऊनला विचारा. तोवर आपण वर पोचलेले असू!" प्रतापराव बायकोच्या, शुभदाताईंच्या कानाशी करवादले. शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत बस हवी, म्हणून परदेशातल्या त्या छोट्या गावातल्या मराठी मंडळाचे सगळे सीनियर्स टाऊन कौन्सिलच्या मीटिंगला आले होते; शहराबाहेरच्या बसचा निर्णय मात्र टाऊनच्या वरच्या रीजनचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या कारभाराचा. शुभदाताईंचा जीव मात्र खिडकीबाहेर अडकला होता. पार्किंगमध्ये बर्फ वाढत चालला होता आणि अजून घरी जायचं होतं.

प्रतापराव माइकसमोर तावातावाने बोलले. प्रदूषण, ट्रॅफिक, पुढची पिढी, काही म्हणून सोडलं नाही. कौन्सिलरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पण आज तुम्ही सगळे गाड्यांनीच आलात ना? मग ही बस नक्की कोणाला हवी आहे? रीजनला मी काय सांगू?"

शेजारच्या जयंतीने शुभदाताईंचा हात दाबला, "वहिनी, तुम्ही गप्प बसा हं."

जन्मभर नवऱ्याला 'अहो' आणि 'हे' म्हणणाऱ्या शुभदाताई उठल्या.


"प्रतापला हवी आहे. गाडी तोच चालवतो, पण सिग्नल लाल की हिरवा, ते मी सांगते."