उंबऱ्याखालचा कोंबडीचा पाय

पुरचुंडी उलगडली आणि डॉन गास्पारच्या तोंडचं पाणीच पळालं. आत कोंबडीचा पाय, केसांचा गुंता आणि कोळशाचा तुकडा. सकाळी झाडताना उंबऱ्याखाली सापडली होती.

"माझा असल्या थोतांडावर विश्वास नाही," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. "त्या फेलिसियानाला बोलवा!"

फेलिसियाना समोरच्याच कोपऱ्यावर चवळीची भजी तळत होती. ती स्वतः गुलामीतून केव्हाच मोकळी झालेली. लेक लुक्रेसिया मात्र अजून याच घरची गुलाम. आज दूरच्या पोर्तोबेलो बंदराचा एक व्यापारी तिला विकत घेऊन गलबतावर चढवणार होता. मग कुठली आई आणि कुठली लेक!

खरं सांगायचं तर फेलिसियानाला जादूतलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्म याच कार्टाजेना शहरातला, बाप्तिस्मा इथल्याच चर्चमधला. पण काळी बाई म्हणजे चेटकीण, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. कुणाचा नवरा बाहेर भटकला, की गोऱ्या बाया हिच्या दारात हजर. ती जन्मभर यावर चिडत आली होती. काल मात्र रस्सा ओरपताना, ताटातला कोंबडीचा पाय बघून तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती पुरचुंडीवर वाकली. डाव फसला तर चाबकाचे फटके ठरलेले.

"अगंबाई! फार जहरी काम आहे हे, मालक. आईपासून लेक तोडून जो पैसे घेईल, त्याचा तोच हात वाळून लाकूड होणार. आणि जो देईल त्याचाही."

दारात उभ्या व्यापाऱ्यानं जी धूम ठोकली, ती थेट धक्क्यापर्यंत. डॉन गास्पारनं उजवा हात पाठीमागे लपवला.

"यावर उतारा?"

"लेकीला मोकळं करायचं. आजच, नोटरीसमोर."

दुपारीच सही झाली, तीही हातमोजा घालून. फेलिसियानानं लेकीला पोटाशी धरलं आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली. तेवढ्यात डॉन गास्पार मागून आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "माझा विश्वास नाहीच म्हणा. पण असंच एखादं माझ्या थोरल्या भावाच्या उंबऱ्याखाली पुरता येईल का गं?"

फेलिसियानानं डोळे पुसले.

"येईल की, मालक. पण त्याला अख्खी कोंबडी लागते. चांगली गलेलठ्ठ बघून पाठवा."