उपलब्ध नाही

"पुन्हा नकार!" ऋजुताने कपाळाला हात लावला. नगर वाचनालयाच्या नव्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या चौकशी-खिडकीला, प्रोग्राममधून पुस्तक विचारलं की एक्सएमएल या खुणांच्या भाषेत उत्तर येतं, असं माहितीपुस्तिका छातीठोकपणे सांगत होती. उत्तर काही येईना. शेवटी सापडलं, तिने लिहिलेल्या विचारणेत एक टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडून बंद करायचाच राहिला होता.

"बाबा, चाचणीला एखादं पुस्तक सांग ना."

"'कौलावरचं मांजर' विचार," शेंगा सोलता सोलता बाबा हसत म्हणाले. तो त्यांचा एकुलता एक कवितासंग्रह. निम्म्या प्रती अजून घरातच, माळ्यावर.

पडद्यावर झरझर ओळी उमटल्या. "आलं उत्तर!" म्हणत ऋजुता खुर्चीतून उठलीच. बाबांनी चष्मा सारखा करून वाचलं, "उपलब्ध: नाही," आणि पुन्हा शेंगा पुढ्यात ओढल्या. "काढून टाकलं असणार. कोण वाचतंय ते!"

"अरे बाबा, खालची ओळ तर वाच! स्थिती: वाचकाकडे. परतीची तारीख: शुक्रवार."

बाबांच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले.

"शुक्रवार म्हणजे फारच घाई होईल गं त्या माणसाला," ते म्हणाले. "मुदत वाढवून द्यायचा टॅग असतो का बघ."