भेटखोलीतला पेला

कौटुंबिक न्यायालयाच्या भेटखोलीत चिमीच्या हातून पाण्याचा पेला कलंडला आणि काचेबाहेरून बघणारी आई ताडकन उभी राहिली. बापाच्या फक्त भुवया वर गेल्या. चिमी लगेच खुदकन हसली, गुडघ्यांवर बसली आणि फ्रॉकनेच फरशी पुसू लागली. “बघा, वडिलांना मुळीच घाबरत नाही,” शेजारच्या समुपदेशक बाई म्हणाल्या. आईला राहवलं नाही. “मॅडम, घाबरलीय म्हणूनच हसतेय! रडलं की जास्त मार बसतो. मीच तिला हसायला शिकवलंय.” बाईंचं पेन थबकलं. “म्हणजे मुलीला तुम्ही पढवता?” भेट संपताना बाईंनी आईलाही आत बोलावून दोघांना अहवाल वाचून दाखवला: मुलगी वडिलांपाशी खूश, आई तिला पढवते, सुट्टीभर वडिलांकडे राहू द्यावं. बापाने नम्रपणे मान डोलावली, पेला काठोकाठ भरला आणि चिमीपुढे धरला. “आईला नेऊन दे. सांडू नकोस हं.” हात लावण्याआधीच चिमी खुदकन हसली.