पेटीवरचा पाच

या तिसऱ्या पेटीतले बूट बसले, की हिशेबनीस जन्माचा सुटणार होता. पैजच तशी लागली होती. बायकोचे बूट घरबसल्या फोनवरून मागवून तिच्या पायात नीट बसवून दाखवायचे. मग तिने पुन्हा कधी ‘चला ना जरा बाजारात’ म्हणायचं नाही. म्हणजे दुकानातल्या बुटक्या बाकावर बसून परक्यांच्या टाचा बघणं वाचलं, चार पैसे स्वस्तात माल आला आणि वर नवऱ्याचंच खरं ठरलं. एवढ्या नफ्यासमोर तोटा काय, तर नाहीच बसले तर एक संध्याकाळ तिच्याबरोबर जायचं, ती म्हणेल तितका वेळ. पण ती वेळ कशाला येतेय!

हिशेबनीस घरूनच काम करायचा. टेबल, खुर्ची आणि लोकांचे आकडे. भाजी दारात येई, औषधं दारात येत, मग बुटांनीच काय घोडं मारलं होतं? बायको बालवाडीत शिकवायची. रविवारी मुलांचा कार्यक्रम होता, सगळी दुपार उभं राहायचं होतं आणि जुन्या बुटांनी तळ सोडला होता. दोन पेट्या आल्या तशा परत गेल्या होत्या.

तिसरी उघडली. तिने पाय घातले, ओठ मुडपले आणि खिडकीपर्यंत लंगडत जाऊन आली.

“चावतात.”

“अगं, पहिले चावले तेव्हा कंपनी बदलली. दुसरे चावले तेव्हा रुंद मागवले. आता पायच बदलायचा राहिलाय!”

“तुमच्या फोनवाल्यांचा पाच नंबरच लहान, त्याला मी काय करू?”

“थांब, पट्टी आणतो. मोजूनच टाकू.”

तिने पाय झटकन खुर्चीखाली ओढले. “माझा पाय मला माहीत नाही होय? लग्नाच्या आधीपासून पाच घालतेय. उठा, शर्ट बदला. पैज ती पैज.”

हिशेबनीस उठला. शर्ट शोधायलाच त्याला बराच वेळ लागला.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर. बाईंना बघताच तो हसला. “या, या. पाचच ना?” आणि उत्तराची वाट न बघता आतून दोन पेट्या घेऊन आला, एक काळ्या बुटांची, एक तपकिरी. तपकिरी बूट तिच्या पायात असे गेले, जसे तिथेच राहायचे. दुकानदाराने अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं. ती उठली, चालली, टाचांवर मागे-पुढे झुलली.

“बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “पाच असा असतो!” आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाच्या आरशाकडे गेली.

हिशेबनिसाने उगाचच काळा बूट उचलून उलटा केला. तळाला किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. कुठलाही आकडा पडताळून बघितल्याशिवाय सोडायचा नाही, ही त्याची खोड. त्याने नखाने चिठ्ठीची कड उचलली. खाली कोरलेला होता सहा. पेटीवर मात्र ठसठशीत पाच.

“काका, हे काय?”

दुकानदाराने आरशाकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. “पेटी पाचची, माल सहाचा. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सरळ ‘सहा’ म्हणून बसलो, तर बाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या खेपेपासून पाच म्हणायला लागलो. आता तुम्ही बोलून बसाल, तर माझं गिऱ्हाईक जाईल आणि तुमचं रात्रीचं जेवण.”

हिशेबनिसाच्या हाती हुकमाचा पत्ता आला होता. उद्याच सहा नंबर मागवायचा आणि पैज पुन्हा उभी करायची. त्याने मान वर केली. ती आरशासमोर एक पाय पुढे करून उभी होती, आणि स्वतःशीच हसत होती. हे हसू त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणजे ते होतं की नव्हतं, हेही त्याला सांगता आलं नसतं.

त्याने अंगठ्याने चिठ्ठी पुन्हा नीट दाबून बसवली. घासाघीस न करता तपकिरी बुटांचे पैसे मोजले. चुकीचा आकडा तसाच राहू द्यायची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि आपण केवढे उदार आहोत याचं त्याला मोठं कौतुक वाटत होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मी म्हणेन तितका वेळ, आठवतंय ना? चहा घेऊ.”

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात खिडकीजवळ जागा मिळाली. हिशेबनीस ऐसपैस बसला.

“तुझंच खरं बाई,” तो म्हणाला. “दुकान ते दुकान. इथे पाच म्हणजे पाच.”

तिने चहावर फुंकर घातली. “सहा.”

“काय?”

“सहा नंबर आहे माझा. आपली मोठी मुलगी झाली, त्या बाळंतपणात पाय वाढला, तो काही पुन्हा लहान झाला नाही. काका चिठ्ठी लावतात तेही माहीत आहे. इतक्या मायेने लावतात, तर त्यांचं मन कशाला मोडा?”

“अगं, मग मला तीन-तीनदा पाच का मागवायला लावलेस?”

“पहिल्याच खेपेला सहा सांगितला असता,” ती म्हणाली, “तर तुम्ही आत्ता कुठे असता?”

तिने पर्स काढली. पैज जिंकणाऱ्याने चहा पाजायचा असतो म्हणाली.

“छे, हरणाऱ्याने,” तो म्हणाला, आणि हात वर करून आणखी दोन सांगितले.