उलटी गाठ

वायरमननं पिशवीतून कटर काढलं तसा घड्याळजी मध्ये आला.

"कापायचं नाही."

"काका, साधी चिंधी तर आहे."

"असू दे. मी सोडवतो."

घराच्या बाहेरच्या भिंतीवर विजेवरच्या गाडीचा चार्जर होता. त्याची जाड केबल गुंडाळून हुकाला टांगलेली, आणि हुकाशी एका निळ्या चिंधीनं बांधलेली. मागच्याच आठवड्यात पलीकडच्या दोन घरांच्या केबली चोरांनी तांब्यासाठी कापून नेल्या होत्या. म्हणून घड्याळजीच्या मुलीनं कुलपाची लोखंडी पेटी आणली. ती भिंतीला ठोकूनही झाली. आता केबल हुकावरून काढून पेटीत ठेवायची, एवढंच राहिलं होतं.

चिंधी बायकोच्या जुन्या गाऊनची. गाडी तीच चालवायची. चार्जिंग झालं की केबल गुंडाळून वर ही गाठ मारायची. "चोराचा अर्धा दिवस हिच्यातच जाईल," म्हणायची. तिला जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती.

घड्याळजी स्टुलावर बसला. डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला. चाळीस वर्षं त्यानं घड्याळांची नखाएवढी चाकं सोडवली होती. पण ओढावं तशी गाठ आणखीच आवळत होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

"चोर बरे म्हणायचे काका," वायरमन म्हणाला. "निदान पटकन आटपतात."

"शेवटची गाठ आहे तिची. दवाखान्यात जायच्या दिवशी मारलेली."

वायरमननं कटर पुन्हा पिशवीत टाकलं.

मुलगी मघापासून गाडीला टेकून उभी होती. ती आली आणि वडिलांशेजारी खाली बसली. डाव्या हातानं तिनं एक टोक आत ढकललं, दुसरं धरून हलकेच ओढलं. गाठ सुटली.

घड्याळजीनं भिंग काढलं.

"तुला कशी जमली?"

"आई डावखुरी ना. तुम्ही उजवं टोक ओढत होतात. त्यानं ती आवळते."

"ते खरं. पण तुला कुणी शिकवली?"

मुलगी चिंधीच्या चुण्या बोटानं सरळ करत राहिली.

"आईनंच. त्याच दिवशी. तुम्ही आत रिपोर्ट शोधत होतात. तिच्यानं गाडीतून उतरवत नव्हतं, मग खिडकीतून सांगत होती. असं नाही गं, उलटं. तीनदा सोडायला लावली."

वायरमन उगाचच कुलपात किल्ली फिरवून बघू लागला.

"म्हणजे ही तू मारलेली," घड्याळजी म्हणाला.

"हो."

"चार महिने बोलली नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी इथे येऊन गाठीला हात लावायचात, बाबा. कोणत्या तोंडानं सांगू?"

घड्याळजीनं भिंग खिशात टाकलं. मग उठला. केबल त्यानं स्वतः हुकावरून काढली, वेटोळं पेटीत बसवलं आणि मुलीकडे हात पुढे केला. तिनं चिंधी दिली.

"दाखव."

"आता कुलूप आहे की. गाठ कशाला?"

"असू दे कुलूप. तू दाखव."

त्यानं चिंधी केबलीभोवती घेतली आणि टोक उजव्या हातात धरलं.

"असं नाही हो बाबा," मुलगी म्हणाली. "उलटं."