चक्रीवर धार

रतनबाईच्या हातातला तांब्या निसटला आणि पाणी चक्रीवर पडायचं ते तिच्याच पायांवर सांडलं. भिमाजीनं मशीन बंद केलं.

"अगं, ध्यान कुठं हाय तुजं? तांब्याभर पानी गेलं!"

"पुन्ना चावलं," ती म्हणाली. "आज लई जोरात. पार कोपरापत्तुर गेलं."

"मशीनीला दात असत्यात व्हय?" असं म्हणून भिमाजीनं डोळे फिरवले आणि अंगभर थरथरून दाखवलं. बायकोची ही नक्कल आता त्याला चांगलीच जमायला लागली होती.

जामखेडला विष्णुपंत गुरुजींच्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी बसत होती. आठवा दिवस होता. फरशी कापायचं विजेवरचं मशीन भिमाजीनं नगरहून जुनंच आणलं होतं. तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे तसलं नव्हतं. तो टायरच्या चपला घालून लाकडी फळीवर उभा राही आणि फरशी चक्रीखाली सरकवी. रतनबाई समोर अनवाणी बसे. एका हातानं फरशीचं दुसरं टोक लोखंडी चौकटीवर दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं फिरत्या चक्रीवर पाण्याची धार सोडायची. धार तुटली की चक्री तापायची, फरशी तडकायची. त्र्याहत्तरचा उन्हाळा. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, तोही आला तर. म्हणून खाली सांडलेलं पाणी ती फडक्यानं टिपून पुन्हा बादलीत पिळायची. दिवसभर तिचे पाय त्या करड्या राड्यात असायचे.

काम सावलीतलं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया तिला नशिबाची म्हणायच्या. त्यामुळे पहिले दोन दिवस ती काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तर भिमाजी हसला. कालपासून मात्र मशीन बंद झाल्यावरही ती बधिर बोटं चोळत बसायला लागली होती.

"आवं, एक डाव माज्या जागी बसा," ती म्हणाली. "मग न्हाई बोलायची मी परत."

"आन फरशी कोन कापंल? परवा गुर्जींच्या लेकीला, शोभाताईला, बघाया पाव्हनं यायच्यात. गुर्जी सकाळधरनं दोनदा इचारून गेलं."

"कापू नका. निस्ता हात लावून बघा."

ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिनं तांब्या बादलीत ठेवून दिला आणि बाजूला होऊन उभी राहिली. भिमाजी चरफडत फळीवरून उतरला. त्यानं मशीन सुरू केलं, चपला काढल्या, तिच्या जागी राड्यात पाय रोवून उकिडवा बसला आणि लोखंडी चौकट मुठीत धरली.

त्याचे डोळे फिरले. अंग थरथरायला लागलं.

क्षणभर रतनबाईला वाटलं, करतायत नक्कल. मग त्याचे आवळलेले दात दिसले. मूठ सुटत नव्हती. ती त्याला ओढायला धावली आणि, कशी कोण जाणे, मध्येच वळून भिंतीपाशी गेली. दोन्ही हातांनी वायर धरून तिनं हिसडा मारला. लाकडी बोर्डासकट पिन निघून आली.

भिमाजी मागच्या मागे कोसळला. चक्री गरगरत थांबली. ती त्याची छाती चोळत राहिली. खूप वेळानं तो खोकला.

"असंच हुतं व्हय रोज?" त्यानं विचारलं.

"न्हाई वो. माजं बारकं असायचं."

त्यानं मान दुसरीकडे वळवली.

आवाज थांबला म्हणून गुरुजी आतून आले. "बंद का केलंस रे?"

"करंट उतरतोय मशीनीत. तुमच्या अर्थिंगचा खड्डा पार सुकलाय, गुर्जी. दोन बादल्या पानी वतलं त्यात, तर—"

"दोन बादल्या? अरे, घरात प्यायला दोन हंडे उरलेत." उपटलेल्या बोर्डाकडे बघून गुरुजी म्हणाले, "आणि आठ दिवस चाललंच होतं की. आजच काय झालं?"

इतके दिवस चाललंच की, हेच भिमाजीनं काल रतनबाईला ऐकवलं होतं.

"मशीन न्हाई चालवायचं आता," तो म्हणाला. "छन्नीनं कापतो. कडा जरा वाकड्यातिकड्या येतील."

"परवा पाहुणे यायचेत, भिमाजी."

"व्हय."

गुरुजी आत गेले.

भिमाजीनं छन्नी-हातोडा काढला. आखलेल्या रेघेवर छन्नी टेकवली. फरशी हलू नये म्हणून रतनबाई समोर बसली आणि तिनं दुसरं टोक धरलं. कपच्या डोळ्यांत जातील म्हणून तोंड फिरवून घेतलं.

पहिल्याच घावाला फरशी सरकली.

"घट धर," तो हळू आवाजात म्हणाला.

"धरलीया."

दुसरा घाव. फरशी पुन्हा सरकली. भिमाजीनं मान वर केली. तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून, सगळा जीव एकवटून ती बसली होती. तिची बोटं फरशीवर उघडीच पडली होती.

"धरलीया की वो," रतनबाई म्हणाली.