अण्णांची हत्यारं

ऑनलाइन मुलाखतीला वीस मिनिटं उरली होती आणि लॅपटॉप तापून तिसऱ्यांदा बंद पडला. खाली स्टीलचं ताट ठेवलं, टेबलफॅन रोखला, तरी आतला पंखा नुसता घरघरत होता.

"बटणं दाबून कुठे काम होतं का!" माझे सासरे, अण्णा, ओसरीवरून म्हणाले. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. गेल्या महिन्यात दसऱ्याला ते करवत, रंधा, पटाशी पाटावर मांडत होते, तेव्हा मी लॅपटॉप पुढे केला, तर म्हणाले, "हे कसलं हत्यार!"

मी रागानेच त्यांच्या पेटीतला बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. एरवी पेटीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आज उठून दारात आले.

तळाचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दोन दाणे अडकले होते, कुंकवाने लाल झालेले. माझ्या माघारी कुणीतरी लॅपटॉप पाटावर उलटा ठेवून अक्षता वाहिल्या होत्या.

दाणे काढले. पंखा मोकळा फिरला.

अण्णा दारात उभे होते. नजर चुकवत म्हणाले, "चाललं का तुझं हत्यार?"